पाचवा पांढरा

भिवामामा गेल्याचे मला शाळेच्या फाटकात कळले. गाठीच्या तापाने मुंबई धरल्यापासून गिरगावातली आमची शाळा ओस पडत चालली होती, आणि त्या दिवशी माझ्या वर्गात अकरा मुले होती. शिपाई सांगत आला की कोणी एक माणूस फाटकाबाहेर उभा आहे आणि आत या म्हटले तर येत नाही. मी हातातला खडू तसाच घेऊन बाहेर गेलो. रस्त्याच्या पलीकडे सखाराम उभा होता. लालबागच्या चाळीत मामांच्या शेजारच्या खोलीत राहणारा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा सखाराम. मी पुढे झालो तसा त्याने हात आडवा केला.

"मास्तर, थयच थांबा. मी त्या खोलीत जाऊन आलोय."

मधून एक बैलगाडी गेली. ती गेल्यावर तो म्हणाला, "मामा गेले. काल सकाळी, इस्पितळात. चार दिवस पडून होते."

मी विचारले, मला आधी कळवले का नाही? चार दिवस ते पडून होते म्हणतोस, मग एक निरोप नाही? त्यावर सखारामने सांगितले, "त्यांनीच शपथ घातली होती. भाचा दुखण्यात हा, त्याच्या कानावर काय घालू नको, म्हणाले." आणि मग त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि काळजीने विचारले, "तुमचा ताप उतरला ना आता?"

मी होय म्हणालो.

मला ताप आलाच नव्हता... हे वाक्य मी आज सहा आठवड्यांनी पहिल्यांदा लिहीत आहे, आणि ते लिहिल्यावाचून भिवामामांबद्दल दुसरे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते आईच्या माहेरच्या वाडीतले, म्हणून मामा. माझे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसे पार नेणारी होडी, चालवीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. तालुक्याच्या शाळेतल्या हेडमास्तरांनी वडिलांना तरीवरच गाठून सांगितले की या मुलाला मुंबईस पाठवा, आणि वडिलांना मुंबईत ठाऊक असलेला माणूस एकच, भिवा रंगारी. आगबोटीतून मी उतरलो तेव्हा धक्क्यावर एक बुटका, रुंद हातांचा माणूस उभा होता. त्याच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता. पुढे अनेक वर्षे मी ती नखे पाहिली, पण तो पांढरा कधी गेला नाही, नारळी पौर्णिमेलाही नाही आणि मुलीच्या लग्नातही नाही.

मामा आधी शिवडीला कोळ्यांच्या होड्या रंगवीत. नंतर गिरगावातल्या वाड्यांमधून लाकडी घरांची कामे मिळू लागली. ज्यांनी ती घरे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, पण गावाकडच्या वाचकांसाठी सांगतो. दर्शनी भिंत आडव्या फळ्यांची असते. तिला एक रंग. आणि तिच्या कडांना, म्हणजे खिडक्यांच्या चौकटी, सज्जाचा कठडा, वळचणीखालची कातीव लाकडी झालर, या सगळ्यांना पांढरा. फळ्या कोणीही रंगवील, असे मामा म्हणत. त्यांना बोलावीत ते कडांसाठी. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. पांढरा लावायला कसली अक्कल लागते, असे मला वाटले, आणि सतराव्या वर्षी जे वाटते ते मी बोलूनही दाखवले.

मामा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला एका कामावर घेऊन गेले. तिथे वळचणीला हातभर लांबीची एक फळी टांगली होती, आणि तिच्यावर चार बोटे रुंदीचे सात उभे पट्टे होते. "बघ. यातलो पांढरो खयचो?"

"सगळेच पांढरे आहेत."

"सगळे पांढरे? आणि तुका हेडमास्तरान हुशार म्हणून धाडल्यान?" ते इतके मोठ्याने हसले की घरातली माणसे खिडकीत आली. "बस हय. सकाळी बघ, भर दुपारी बघ, दिवे लागताना बघ. मग सांग."

मी बसलो. पुस्तक घेऊनच गेलो होतो. सकाळी मला काही दिसले नाही. दुपारी वाटले की एकात निळसर झाक आहे. संध्याकाळी, सूर्य समोरच्या कौलांमागे गेला आणि फळीवर कसलेच ऊन राहिले नाही, तेव्हा मला ते सातही वेगळे दिसले. एक शंखासारखा, एक पेजेसारखा, एक जुन्या कवडीसारखा, एकावर राखेची पुसट सावली... मी उठून उभाच राहिलो. कॉलेजात पुढे पुष्कळ काही शिकलो, पण जे डोळ्यांसमोर आहे ते दिसायलाही शिकावे लागते हे मला त्या माणसाने शिकवले, ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

नुसता विलायती सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी भुकटी, ते कधी लावीत नसत. सफेदा जवसाच्या तेलात घोटायचा, मग त्यात कधी चिमूटभर नीळ, कधी काजळी, कधी पिवळी माती. आणि बहुतेक वेळा त्या भिंतीचाच रंग, सुईच्या टोकावर राहील इतका. "त्याशिवाय दोघांची वळख कशी पटतली? परक्या घरात नवरी दिली, तर माहेरचा एक तरी माणूस बरोबर धाडतत की नाय?" पट्टे काढून झाले की तीन दिवस, कधी आठ दिवस, ते नुसते बघत. घरमालक चिडत. मामा ढिम्म. मग एक दिवस त्यांचे ठरे, आणि ठरलेल्या पट्ट्याच्या पायथ्याशी, रंग पुरता वाळायच्या आत, ते आपला अंगठा दाबून ठेवीत. ती त्यांची सही.

पण अंगठा उमटला म्हणून लगेच काम सुरू होत नसे. होडीवाल्यांत एक रीत होती. ज्याची होडी, त्याने रंगावर नजर घातल्याशिवाय ती पाण्यात लोटायची नाही. मामांनी ती घरांना लावली आणि आपल्या मनाने थोडी वाढवली. ज्याने काम आणले त्याने येऊन, फळीसमोर उभे राहून, ठरलेला पांढरा पाहायचा. त्याने पाहिला की मग कुंचला. तो येईपर्यंत मामा थांबत. एकदा काम आणणारा माणूस नाशिकला गेला होता, तर मामा नऊ दिवस बिडी ओढत बसून राहिले, आणि घरमालकाने शिव्या दिल्या त्या हसून ऐकल्या.

त्यांच्या लालबागच्या खोलीत मी चार वर्षे राहिलो. एकच खोली, त्यात मामा, मामी, लग्न होऊन जाईपर्यंत त्यांची मुलगी, आणि मी. खिडकीजवळची जागा माझी. मामांनी तेलाचे डबे बाहेर गॅलरीत नेऊन ठेवले, कारण त्या वासाने मला वाचता येणार नाही असे त्यांच्या मनाने घेतले होते. वास तरी यायचाच, भातालाही यायचा. मामी म्हणायच्या, "आमच्यात जेवणाक फोडणी लागत नाय, यांचे हातच पुरे." सफेद्याने मामांच्या पोटात वरचेवर कळ उठे. हे सगळ्याच रंगाऱ्यांना होते. मग ते गूळ आणि तूप खाऊन भिंतीकडे तोंड करून दोन-तीन दिवस पडून राहत, आणि मी वाचताना थांबलो तर तिकडूनच म्हणत, "वाच रे. थांबलास की कळ वाढता."

माझ्या खडूची त्यांना फार गंमत वाटे. खडू म्हणजे पांढऱ्यांतला भिकारी, पुसला की गेला. आणि चुन्याचे तर नाव काढायचे नाही. ताज्या चुन्याचे आणि तेलाच्या रंगाचे वैर असते. ओल्या रंगाला चुना लागला तर तो रंगातले तेल खातो आणि वर राहतो तो नुसता साबण. त्यांनी हे मला कितीदा सांगितले असेल! मी पानावर चुना लावू लागलो की ते आपला डबा उचलून दूर ठेवीत.

मी बी. ए. झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. सखारामने विचारले, "मामा, बीए म्हणजे काय ओ?" मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पुरता माका म्हायत नाय. पण आमच्या दत्तूक आता सात पांढरे दिसतत." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग जिन्यात जाऊन रडलो. त्या माणसासाठी काहीतरी केले पाहिजे, असे तेव्हापासून माझ्या मनात घट्ट बसले. गिरगावात शाळेत नोकरी लागली, शाळेजवळ खोली घेतली, तरी ते डोक्यातून जाईना. मामा आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली, वाड्यांच्या गल्लीबोळांत काम करीत आले. एक तरी मोठे घर असे असावे, जे रस्त्यावरून दिसेल आणि ज्याच्या कडा पाहून लोक विचारतील, हे कोणी केले?

तसे घर मला मिळाले. मिळाले म्हणजे मीच शोधले. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा, निवृत्त मुन्सफ, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणतात, दादरला नारळीच्या बागेत नवे घर बांधीत होते. दुमजली, दर्शनी बाजू पूर्ण फळ्यांची. फळ्यांना हिरवट करडा रंग देऊन झाला होता आणि कडा राहिल्या होत्या. मी मामांना घेऊन गेलो. अण्णासाहेब खुर्चीत बसले होते. म्हणाले, "मला पांढरा हवा. स्वच्छ, झगझगीत. नव्या आगबोटीला असतो तसा."

मामांनी घराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "साहेब, आगबोटीमागे समुद्र असता. ह्या हिरव्यावर नुसतो सफेदो लावलो, तर घर दात काढून हसात."

आता काम गेले, असे मला वाटले. पण अण्णासाहेब न्यायाधीशाचे काम केलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "मग किती दिवस लागतील तुमच्या पांढऱ्याला?"

"तो सांगात तेवढे."

"कोण तो?"

"पांढरो."

अण्णासाहेब हसले आणि काम मामांना मिळाले. परतताना परळच्या रस्त्यावर मामा एकदम थांबले आणि मला म्हणाले, "काम तू आणलंस. आता बघूक तुकाच येवक व्हया हां. विसरशील."

मी म्हणालो, "मामा, विसरेन कसा?"

हे बोलणे झाले तेव्हा तापाची बातमी होती, पण ती मांडवीकडची होती, धक्क्याकडची. महिनाभरात ती सगळीकडची झाली. चाळींमधून उंदीर मरून पडू लागले, आणि माणसे बोचकी घेऊन धक्क्याकडे धावू लागली. मामींना मामांनी पौषातच गावी पाठवले. आपण शिमग्याला येतो म्हणाले. मी त्यांना जा म्हणालो नाही. खरे तर मी म्हणालो, "एवढे घर उरकून जा, मामा. दादरला हवा चांगली आहे." हे खोटे नव्हते. अण्णासाहेबांनी त्यांना आवारातच, गोठ्याशेजारी, एक खोली दिली होती. बागेत आजाराचे नाव नव्हते. लालबागच्या खोलीला कुलूप लावून मामा तिथे राहायला गेले, आणि त्यांनी फळी टांगली.

माघ लागता लागता निरोप आला. दादरहून येणाऱ्या दूधवाल्याने सांगितले, "रंगारीबाबा म्हणतात, ठरलं. रविवारी येऊन बघून जा."

त्या रविवारी मी निघालो होतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे, की मी निघालो तर होतो. ट्रामने भायखळ्यापर्यंत गेलो आणि पुढे चालू लागलो. लालबागच्या अलीकडे एका चाळीसमोर सामान रस्त्यावर काढलेले होते. गाद्या जळत होत्या. एक बाई रिकाम्या पाळण्याची दोरी हातात धरून उभी होती, आणि दोन माणसे तिला समजावीत होती की बाई, हा पाळणाही द्यावा लागेल. ती दोरी सोडत नव्हती... मला कोणी अडवले नाही. रस्ता मोकळा होता. पलीकडे दहा पावलांवर तो धूर संपत होता. मी तिथूनच परत फिरलो.

घरी आलो, हात तीनदा धुतले आणि पोस्टकार्ड लिहायला बसलो. भीती वाटली, असे लिहायला हवे होते. मामांनी ते ऐकून मला घोडा म्हटले असते, आणि विषय संपला असता. पण पदवीधर भाच्याला ते लिहवेना. मी लिहिले की अंगात ताप आहे, या रविवारी येता आले नाही. कामाच्या माणसाने कचेरीला पाठवावे तसे मी ते सहज लिहिले. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, पण त्या महिन्यात मुंबईत 'ताप' या शब्दाचा अर्थ काय होत होता हे कार्ड पेटीत टाकेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. किंवा आले असेल. आता मला नक्की सांगता येत नाही.

चार दिवसांनी उत्तर आले. अक्षर अण्णासाहेबांचे, शब्द मामांचे. "चिरंजीव दत्तूस आशीर्वाद. दुखणे अंगावर काढू नकोस. पेज पी. फळीची काळजी नको, मी थांबलो आहे." खाली अण्णासाहेबांनी स्वतःच्या दोन ओळी घातल्या होत्या: रंगारी तुमच्याकडे यायला निघाले होते, मी थांबवले आहे. घरात नातवंडे आहेत. तापाच्या ठिकाणी गेलेल्या माणसाला परत आवारात घेणे मला शक्य नाही. प्रकृतीचे त्वरित कळवावे.

मी कळवले नाही. बरा झालो असे लिहावे, तर रविवारी जावे लागणार. बरा नाही असे लिहावे, तर दुसरे खोटे. मी ते कार्ड पुस्तकात ठेवले, आणि रोज ठरवले की उद्या लिहू. दुसरा रविवारही तसाच गेला. शाळेच्या मुलांच्या वह्या तपासल्या.

पुढचे मला नंतर कळले, काही अण्णासाहेबांकडून, काही सखारामकडून. माझे कार्ड पोहोचण्याच्या आदल्याच दिवशी अण्णासाहेबांनी मामांना सांगितले होते की आता गावी जा, कडा शिमग्यानंतर करू, घर कुठे पळून जात नाही. मामांना ते पटले होते. मी येऊन पांढरा पाहिला की शनिवारच्या बोटीने जायचे ठरले होते. बोचके बांधून झाले होते. मग कार्ड आले. आठ दिवस ते माझ्या उत्तराची वाट पाहत गोठ्याच्या दारात बसून राहिले. सोमवारी सकाळी उठून त्यांनी वळचणीची फळी काढली, धोतराच्या पानात गुंडाळली आणि अण्णासाहेबांना नमस्कार केला. अण्णासाहेबांनी पुन्हा सांगितले, गेलात तर परत घेता येणार नाही. मामा म्हणाले, "बरोबर हा, साहेब. पोरांचा घर हा तुमचा. पण तो पांढऱ्याकडे येऊक शकना नाय, तर पांढरो त्याच्याकडे न्हेवक होयो."

लालबागला ते माझ्यासाठी वाकळ आणि सुंठीची पुडी घ्यायला थांबले. कुलूप उघडून आत गेले आणि तिथेच त्यांच्या पोटात कळ उठली, नेहमीची, सफेद्याची. चाळ जवळजवळ रिकामी झाली होती. सखाराम गूळ घेऊन आला तर मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि उशाशी फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. "उद्या बरा वाटला की गिरगावात जातंय," असे ते तीन दिवस म्हणत होते. दोन दिवस कळ होती. तिसऱ्या दिवशी थंडी वाजली. चौथ्या दिवशी काखेत गाठ आली, आणि इस्पितळाची डोली आली. सखाराम म्हणाला, जाताना त्यांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. ती फळी भाच्याला दे, आणि मी आजारी असल्याचे त्याला सांगू नको.

खोली उघडून द्यायला सखाराम माझ्याबरोबर आला, तेव्हा त्यांना जाऊन वीस दिवस झाले होते. चुना फासणारी सरकारी टोळी येऊन गेली होती. त्यांचा दोष नाही. रोग घालवण्यासाठी आलेली माणसे ती, समोर दिसेल त्यावर कुंचा फिरवणे हे त्यांचे काम. भिंती, उंबरठा, खिडकीची चौकट, गॅलरीचा कठडा, सगळे एकाच पांढऱ्याखाली गेले होते. डोळ्यांना झोंबेल इतका पांढरा. आणि भिंतीला टेकून ठेवलेली फळी त्यांना भिंतच वाटली असणार.

मी ती घरी आणली आणि ओले फडके घेऊन पुसू लागलो. इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलेले, पानावर चुना लावताना रोज ऐकलेले, मला त्या क्षणी आठवले नाही. चुना निघाला, आणि त्याच्याबरोबर फडक्यावर रंग येऊ लागला, बुळबुळीत, साबणासारखा. मी थांबलो तोवर उशीर झाला होता. कदाचित आधीच झाला असेल. चुना पंधरा-वीस दिवस तिथे बसला होता. खाली जे उरले ते सातही पट्ट्यांवर सारखे होते, म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळट. निळीचा कुठला, काजळीचा कुठला, हिरव्याचा कण कुठल्यात होता, काही कळत नाही. मी फळी सकाळी पाहिली. भर दुपारी पाहिली. दिवे लागताना पाहिली. सात पट्ट्यांचा एक रंग.

फक्त पाचव्या पट्ट्याच्या पायथ्याशी अंगठा आहे. तो चुन्याला खाता आला नाही. एवढेच मला आता ठाऊक आहे, की त्यांचे ठरले होते.

अण्णासाहेबांनी मला बोलावून विचारले, "मास्तर, कोणता होता तो पांढरा? तुम्ही त्यांचे शिष्य. सांगा, तसा करून घेऊ." मला सांगता आले नाही. पाचवा, म्हणालो. पावसाळ्यापूर्वी लाकूड उघडे ठेवणे बरे नव्हे, म्हणून शेवटी त्यांनी दुसरा माणूस लावला आणि त्याने डब्यातला सफेदा होता तसा लावला. मी परवा पाहून आलो. आता त्या रस्त्याने निर्धास्त जाता येते. घर दुरूनच दिसते, नारळीतून, जसे दिसावे असे मला वाटले होते तसेच. आणि ते दात काढून हसते.

मामींना मी मामा तापाने गेल्याचे लिहिले होते, बाकी काही नाही. त्यांचे उत्तर गावच्या पोस्टमास्तरांच्या हातचे आले. रडण्याचे एक वाक्यही त्यात नाही. लिहिले आहे, "त्यांनी दादरहून शेवटचे कार्ड धाडले, त्यात भाच्याला बरे नाही असे होते. ते तर गेले. तुझा ताप उतरला का, ते कळव. जिवाला लागून राहिले आहे." या पत्राला पाच आठवडे झाले. मी त्याला उत्तर दिलेले नाही, आणि हा लेख छापून आला तर तो पोस्टमास्तरांनी मामींना वाचून दाखवावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. मामी, मला ताप नव्हता.

फळी माझ्या खिडकीत टांगली आहे. पाचव्या पट्ट्यावरच्या खळग्यात मी कधीकधी माझा अंगठा ठेवून पाहतो. तो बसत नाही. मामांचा अंगठा रुंद होता, माझा आत हलतो. दर रविवारी मी सकाळी तिच्यासमोर उभा राहतो, मग भर दुपारी, मग दिवे लागताना. काम आणणारा माणूस आता वेळेवर येतो... पाहण्यासारखे तिथे काही नाही.